पुढच्या सीटवरचं वजन

१

माझं काम काटे दुरुस्त करायचं. मारेगावात घराला लागूनच दुकान आहे, 'अचूक वजनकाटे' अशी पाटी आहे, आणि ती पाटी मी हौसेसाठी लावलेली नाही. कापसाच्या हंगामात जिनिंगवाले, खेडा खरेदीवाले, किराणावाले, सगळ्यांचे काटे बिघडतात आणि सगळ्यांना आजच्या आज पाहिजे असतात. मग मी पेटी घेऊन निघतो. पेटीत सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं, पेटीसकट बावीस किलो. काटा खरं बोलतो का खोटं, ते ही वजनं सांगतात. माणसांचं सोडा, पण माझ्या वजनांचा मला भरवसा.

सोळा वर्षं मोटरसायकलला पेटी बांधून फिरलो, मणक्याचं वाटोळं झालं. शेवटी दोन हजार एकवीसच्या दिवाळीत नवीन गाडी घेतली. डिकीत दुरुस्तीचे काटे असतात, त्यात लोखंडाची पेटी ठेवली तर एका खड्ड्यात त्यांचा चुराडा. मागच्या सीटवर ठेवली तर एका ब्रेकला खाली. म्हणून पेटी पुढं, माझ्या शेजारी. आणि पेटी ठेवली रे ठेवली की गाडी ओरडायला लागायची. टुंग, टुंग, टुंग. समोर लाल दिवा, त्यात पट्टा लावलेल्या माणसाचं चित्र. गाडीला वाटायचं, कोणीतरी बसलंय आणि त्यानं पट्टा लावला नाही.

"अबे, पेटी हाये ते!" मी गाडीवरच खेकसायचो. मग पट्टा ओढून पेटीला लावायचो. खट्ट. एकदम शांत.

माझी मुलगी मैत्रेयी, नऊ वर्षांची, मागं बसून खिदळायची. "पप्पा, पेटीले पट्टा अन् मले नाई? पेटी जास्त लाडाची हाये का तुमची?"

"पेटी शाळेत मारामारी नाही करत."

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ही पोट्टी दुकानातल्या काट्यावर चढायची आणि आकडा मोठ्यानं वाचायची. चोवीस किलो. शंभर ग्राम इकडं, शंभर ग्राम तिकडं.

काटेवाल्याला आणखी एक खोड असते, दिसेल ते तपासायची. गाडी आली त्याच आठवड्यात मी रिकाम्या सीटवर एकेक किलोचं वजन ठेवत गेलो. अकरापर्यंत गाडी गप्प. बारावं ठेवलं, टुंग. काढलं, परत ठेवलं, टुंग. बाराच. माझी बायको शीला दारात शिवणाची मशीन घेऊन बसली होती. तिला म्हटलं, "कंपनीनं सीट नाही देल्ली, काटाच देल्ला."

"आता त्याच्यावर शिक्का मारून आणा," ती म्हणाली.

२

जानेवारीचा पहिला आठवडा. राजूरला एका व्यापाऱ्याचा काटा नीट करून मी वणीकडं निघालो होतो. दुपारचे दोन. रस्त्यात कोळशाचे ट्रक, काचेवर काळी धूळ. त्या दिवशी मोठी वजनं मी जिनिंगमध्येच ठेवून आलो होतो, दुसऱ्या दिवशी तिथंच लागणार होती. पेटीत उरली होती ती किरकोळ. पेटीसकट बरोबर आठ किलो.

टुंग, टुंग, टुंग.

आधी हात सवयीनं पट्ट्याकडं गेला. मग थांबला. आठ किलोला? ही सीट बाराच्या आत तोंड उघडत नाही, मी स्वतः पाहिलेलं.

गाडी बाजूला घेतली. पेटी उचलून मांडीवर घेतली. शांत. सीटवर ठेवली. टुंग. सीटवर हात फिरवला, खाली वाकून पाहिलं, एखादी वायर दबली असेल, धूळ गेली असेल. काही नाही. सीट मात्र मधोमध थोडी दबलेली वाटली. नवी सीट आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून मी पट्टा लावला. खट्ट. वाटेत मी दोनदा शेजारी पाहिलं. का पाहिलं, ते मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर अंगणातच परत तपासणी केली. रिकामी सीट, दुकानातली एकेक किलोची वजनं. सात झाले, गप्प. आठवं ठेवलं, टुंग.

आमच्या धंद्यात याला झिरो एरर म्हणतात. काट्यावर काही नसताना काटा काहीतरी दाखवतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, रोज येतात असे काटे. फक्त असा काटा आला की आम्ही एक प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, की बाबा, वर खरंच काही नाही ना?

मी सीटवर परत हात फिरवला. चार किलोचं काहीच नव्हतं तिथं.

३

हंगामाच्या गर्दीत मैत्रेयी चार-पाच दिवस काट्यावर चढलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चढली.

"पप्पा, वीस!"

"नीट उभी राह्य."

"नीटच हावो मी. वीसच हाये."

मी तिला उतरवलं आणि दुकानातली वजनं आणली. पाच ठेवले, पाच दाखवले. दहा ठेवले, दहा. काटा एक ग्राम खोटं बोलत नव्हता. पोरगी तर समोर धडधाकट उभी. गाल तसेच, दंड तसेच, एका हातात पोळीची गुंडाळी. शीलानं मापाची टेप आणली, छाती, कंबर, खांद्यापासून घोट्यापर्यंत लांबी घेतली. दिवाळीचा फ्रॉक शिवला तेव्हाची मापं वहीत होती.

"दोरा इकडचा तिकडं नाही झाला," ती म्हणाली. "मापं तेच अन् वजन कसं उतरते जी? तुमच्या काट्याचंच काही असन."

"माझा काटा बरोबर हाये," मी म्हटलं, आणि माझा मलाच राग आला. कारण काटा चुकला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग मी तिला रोज काट्यावर चढवायला लागलो. चार दिवसांनी मैत्रेयी सतरा भरली. मी ताडकन उठून अंगणात गेलो आणि सीटवर वजनं मांडली. पाचव्या किलोला गाडी ओरडली.

म्हणजे सीटवर आधीच सात होते. सात आणि सतरा. आधी चार आणि वीस. बेरीज मी केली नाही, ती आपोआपच झाली.

आमच्या घराचं एक सांगतो. माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे देव नदीत सोडले. नजर, उतारा, बाहेरचं, असलं काही आमच्या घरात नाही आणि त्याचा मला अभिमान आहे. दिवाळीत सासू धुरपताबाई नव्या गाडीला लिंबू बांधायला लागली तेव्हा मी चार पाहुण्यांत तिची अशी खेचली की ती बिचारी न जेवता गेली. आता मीच शीलाला काय सांगू? की गाडीत कोणीतरी बसतंय आणि पोरीचं वजन घेऊन बसतंय? नाही सांगितलं. नाक कापलं गेलं असतं. नाकासाठी गप्प बसलो, हे मी आज कबूल करतो.

४

वणीला इम्तियाजचं गॅरेज आहे. जुना दोस्त, हाताला गुण आहे. त्यानं सीटखाली टॉर्च मारून वायर पाहिली, जोड पाहिले, स्वतः बसून पाहिलं.

"सेन्सर तो एकदम ओके हाये, भाऊ."

"मंग रिकाम्या सीटवर पाच किलोत काहून बोंबलते?"

"अब गाडी हाये, बोंबलतेच ते. एवढं कायले डोक्यात घेता?" त्यानं कपाटातून पट्ट्याचं नुसतं टोक काढलं. पट्टा नाही, फक्त खाचेत जाणारी लोखंडी जीभ. "हे खोसून ठेवा. गाडीले वाटते पट्टा लावला. सगळेच लावतात, आपल्या डॉक्टरसाहेबाच्या गाडीत भी हेच हाये."

त्यानं ती जीभ खाचेत घातली. खट्ट.

आठ दिवस गाडी गप्प होती. पेटी ठेवा, काढा, हूं नाही की चूं नाही. मीही सीट तपासली नाही. आवाज नाही म्हणजे बिघाड नाही, असं गिऱ्हाईक मला म्हणतं तेव्हा मी त्याला वेड्यात काढतो. मी मात्र आठ दिवस तेच केलं. मैत्रेयीला काट्यावरही चढू दिलं नाही. "काटा दुरुस्तीले काढला," असं खोटं सांगितलं.

पण कान कसे बंद करणार? दुकानाला पत्र्याची पायरी आहे, तिच्यावर मांजर गेलं तरी वाजते. मैत्रेयी शाळेतून धावत यायची, दप्तर टाकायची, त्या पायरीवर उड्या मारायची. पायरी वाजत नव्हती. संध्याकाळी ती बाजेवर चढली तेव्हा बाज करकरली नाही. शीला शिवता शिवता थांबली आणि माझ्याकडं पाहायला लागली. मी पेपरात तोंड घातलं.

नवव्या दिवशी दारामागून अचानक येऊन तिनं माझ्या गळ्यात उडी मारली. मला फक्त हात लागले. ओझं लागलंच नाही. मी तिला तशीच उचलून काट्यावर ठेवलं.

नऊ किलो.

"पप्पा, मी बारीक झाली का?" तिनं विचारलं. तिचा चेहरा अगदी तसाच होता, गोल, तेलकट, कपाळावर केस चिकटलेले. मला रडू आलं आणि मी ते शिंकेवर नेलं.

५

मी गाडीकडं गेलो. भर दुपार होती, गल्लीत बायका वाळवणं राखत बसल्या होत्या. दार उघडलं, चावी फिरवली आणि खाचेतली ती जीभ ओढून काढली.

सीटवर काहीही नव्हतं. पेटी दुकानात होती.

टुंग, टुंग, टुंग, टुंग.

मी बाहेर येऊन दार लावून घेतलं. काच बंद, तरी ऐकू येत होतं. समोरच्या हंसाबाईनं विचारलं, "कोन बसलं हाये जी गाडीत?" तिनं आवाज ऐकून विचारलं की काही पाहून, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री मी डोकं ठिकाणावर ठेवून विचार केला. कारण कळत नसलं तरी काटा दुरुस्त करता येतो, मी शेकडो केलेत. कोणत्या दिवशी काय झालं, ते आठवलं. दिवाळीपासून दोन महिने का काही झालं नाही, ते कळलं नाही, पण जानेवारीत पट्टा लावला त्या दिवशी पोरीचं वजन उतरलं. रविवारी गाडी जागेवर होती, पट्टा मोकळा, तेव्हा उतरलं नाही. जीभ खोसली ते आठ दिवस पट्टा रात्रंदिवस लावल्यासारखाच होता, आणि आठ किलो गेले. मग ठरवलं. पट्टा लावायचा नाही. ओरडू दे गाडीला. आणि सीटवर सगळी वजनं भरून ठेवायची, बसायला जागाच नको कोणाला.

सकाळी मैत्रेयी दहा भरली.

मी दारामागं जाऊन भिंतीला डोकं टेकलं. दुसऱ्या दिवशी साडेअकरा. तिसऱ्या दिवशी तेरा. पत्र्याची पायरी हळूच वाजायला लागली. मी दिवसभर कान फोडणाऱ्या त्या टुंगटुंगीत फिरायचो आणि मला ती गोड लागायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "अश्वजितभाऊ, पट्टा लावा ना त्या पेटीले, डोकं उठलं." मी म्हणायचो, "राहू द्या. बरं वाटते मले."

६

शीलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं फक्त काट्यावरचे तेरा पाहिले.

"चोवीसची पोरगी तेरा भरते अन् तुम्ही हासून राह्यले? डोकं बिकं फिरलं का? वणीले चला, लहान पोरांच्या डॉक्टरकडं. आत्ताच्या आत्ता."

"उद्या जाऊ. भरून राह्यली ते आता."

"आत्ता म्हटलं ना मी!"

एसटीचा संप चालू होता, दोन महिने बस नव्हती. काळीपिवळी जीपमध्ये पोरीला कोंबायला ती तयार नव्हती. मी शेवटी गाडी काढली. पेटी पुढं ठेवली, वर आणखी वीस किलो ठेवले. शीला आणि मैत्रेयी मागं. मैत्रेयीचं डोकं शीलाच्या मांडीवर.

"तो पट्टा नको लावू काही झालं तरी," मी म्हटलं.

"काहून?"

इथं सांगायला पाहिजे होतं. तोंडावर आलं होतं. "लॉक खराब हाये," असं म्हणून मी गाडी सुरू केली.

टुंग, टुंग, टुंग. मारेगाव सुटलं. दोन्ही बाजूंना कापसाच्या वाळक्या पराट्या, बोंडअळीनं काही सोडलं नव्हतं, लोकांनी वेचणीसुद्धा अर्ध्यात टाकली होती. दहा मिनिटं शीलानं ते सहन केलं. मग सुरू झाली.

"बंद करा ना ते. पोरगी झोपून राह्यली."

"पोचलोच आता."

"अर्धा तास असंच का? झोपन कशी ते?"

समोर कोळशाचा ट्रक होता आणि त्याच्या पलीकडून दुसरा येत होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला बाजूला हालचाल दिसली. शीला मागून पुढं झुकली होती, दाराकडचा पट्टा तिनं ओढला होता, पेटीवरून आडवा आणला होता.

"शीला, नको!"

खट्ट.

आवाज बंद झाला. इतकी शांतता त्या गाडीत मी कधी ऐकली नव्हती. टायरचा आवाज, आणि माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी मोठा श्वास सोडला, रडून थकलेलं लेकरू झोपताना सोडतं तसा.

"पाहा, लागला ना लॉक," शीला मागं टेकत म्हणाली.

मी डाव्या हातानं लाल बटण दाबलं. दाबलं, परत दाबलं. पट्टा ताणलेला होता, जीभ सुटेना. ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, मला हात परत घ्यावा लागला. आरशात पाहिलं. शीला मैत्रेयीच्या कपाळावरून हात फिरवत होती.

"चांगली झोपली," ती म्हणाली. "मांडीले भारसुद्धा नाही लागून राह्यला."

७

दवाखान्यापुढं शीला उतरली. तिनं मैत्रेयीला खांद्यावर टाकलं, एका हातानं, दुसऱ्या हातात पिशवी आणि पाण्याची बाटली. नऊ वर्षांचं लेकरू उचलताना बाईची कंबर कशी वाकते ते मला माहीत आहे. शीलाची वाकली नाही. चार पायऱ्या ती ताठ चढून गेली.

"गाडी लावून या," मागं न पाहता म्हणाली.

मी गाडी लिंबाच्या झाडाखाली लावली. इंजिन चालूच ठेवलं. मग सीटवरची वरची वजनं उचलून खाली ठेवली. मग पेटी उचलली, पट्ट्याखालून ओढून काढली, तीही पायाशी ठेवली. आता सीट रिकामी. पट्टा सैल पडून सीटला चिकटायला पाहिजे होता.

पट्टा सीटपासून वीतभर पुढं होता. खांद्याच्या जागी वाकलेला, छातीच्या जागी गोल, पोटावर सपाट. शीलाची टेप मी पाहिली होती, मला ती मापं पाठ होती. आणि पट्टा हलत होता. किंचित वर, किंचित खाली. दुपारचं ऊन झाडाखालून तिरपं येऊन सीटवर पडलं होतं, लपायला तिथं काही नव्हतं, दिसायलाही काही नव्हतं.

मी बटणावर बोट ठेवलं. या वेळी ते मऊ लागलं, दाबलं असतं तर सुटलं असतं. मी दाबलं नाही. इतके दिवस मी समजत होतो की कोणीतरी येऊन बसलंय आणि त्याला उतरवायचं आहे. आता मला वाटलं, की हे चोवीस किलो दुसऱ्या कोणाचे नाहीतच. पट्टा सोडला तर ते कुठं जातील? दवाखान्यात, तिच्याकडं? की दार उघडून रस्त्यावर?

माझ्या मनगटावर काहीतरी टेकलं. ऊबदार होतं. गाडीत झोप लागलेल्या पोराचं डोकं कलंडतं, तेवढा भार होता.

फोन वाजला. शीला.

"अहो, या ना लौकर. इथं वजनच होऊन नाही राह्यलं."

"म्हणजे?"

"सिस्टरनं तिले काट्यावर उभी केली तर काटा झिरोच दाखवते. दुसरा आणला, तोही झिरो. सिस्टर म्हणते दोन्ही बिघडले. मी म्हटलं माह्ये मिस्टर हेच काम करतात, आत्ता पाहून देतीन." ती थोडी हसली. मग आवाज खाली आणला. "मैत्रेयी उठली हाये. पण बोलून नाही राह्यली जी. काट्यावर उभी हाये अन् खिडकीतून तुमच्या गाडीकडं पाहून राह्यली. डोळेच नाही हालवत."

"तिले धरून ठेव," मी म्हटलं.

"धरलीच हाये. तुम्ही या अन् काटा पाहा आंधी."

"काटा बरोबर हाये, शीला."

ती काहीतरी विचारत राहिली. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. दुसरा हात बटणावर होता, मनगटावर तो ऊबदार भार होता, आणि पट्टा सोडू की नको, ते मला अजूनही कळत नव्हतं.